पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाचे कपडे: घेणं, धुणं आणि वाळवणं

आमची लेक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. घर मुंबईत काळाचौकीला, चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला एक गॅलरी. सासूबाई दापोलीहून आल्या होत्या. बाळ-बाळंतिणीचं न्हाणं-माखणं त्यांच्याकडे, स्वयंपाक आईकडे आणि धुणं माझ्याकडे, अशी वाटणी झाली. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी घरात वीस लंगोट होते आणि त्यातला एकही कोरडा नव्हता. बाहेर धो धो पाऊस, गॅलरीत ओळीने लोंबणारे ओले लंगोट, आणि बाळ जुन्या पंचात गुंडाळलेलं. कपडे घेताना आम्ही रंग बघितला, ससे-हत्ती बघितले, बाह्या किती गोड आहेत ते बघितलं. हे वाळायला किती वेळ लागेल, हे कुणीच विचारलं नव्हतं.

पहिल्या खेपेला ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितोय. बाळ उन्हाळ्यात होणार असेल तर वाळवण्याची काळजी कमी, बाकी सगळं तसंच.

१. आधी दोरी मोजा, मग कपडे

दुकानात जाण्याआधी घरात धुणं कुठे आणि किती वेळात वाळतं ते बघा. पहिल्या महिन्यात दिवसाला १२ ते १५ लंगोट सहज लागतात, काही बाळांना २० सुद्धा. मे महिन्यात गॅलरीत टाकलेला मलमलचा लंगोट दोन-तीन तासांत खडखडीत होतो. जुलैत त्याच गॅलरीत त्याला पुरता दीड दिवस लागतो, कधी दोन. म्हणजे उन्हाळ्यात दोन डझनांत भागतं, तर पावसाळ्यात तीन डझन हवेतच. झबली, दुपटी यांचंही गणित हेच. दिवसाला किती लागतील त्याला वाळायच्या दिवसांनी गुणा आणि वर थोडे हाताशी ठेवा.

खिडकीला ग्रिल असेल तर दोरी ग्रिलच्या आतल्या बाजूला बांधा. बाहेर टाकलेल्या कपड्यांवर कबुतरं घाण करतात, आणि शेजारी इमारतीचं काम चालू असेल तर सिमेंटची धूळ बसते.

२. काय काय लागतं

पावसाळ्यातल्या पहिल्या दोन महिन्यांसाठी आम्हाला शेवटी पुरलेले आकडे हे:

- लंगोट ३६ (बंदाचे, तिकोनी)
- अंगाखाली घालायची बाळोती, जुन्या साडीची, २०–२४
- पुढून उघडणारी झबली १२
- मलमलची दुपटी १०, साधारण एक मीटर चौरस
- टोपडी ३
- पायमोजे २ जोड
- पातळ गोधड्या ३
- ड्राय शीट २ (पूर्वी यासाठी मेणकापड असायचं)
- अंग पुसायला मऊ पंचे ३

पंचे मुद्दाम लिहिले आहेत. बाळासाठी म्हणून मिळणारा जाड, टोपीवाला टॉवेल दिसतो छान, पण पावसात तो दोन दिवस ओलाच राहतो. चांगला धुतलेला पंचा पाणी लगेच टिपतो आणि पंख्याखाली रात्रीत वाळतो.

हातमोजे यादीत नाहीत. बाळाने नखांनी ओरबाडून घेऊ नये म्हणून ते घालतात, पण नखं वेळच्या वेळी कापली तर त्यांची गरज पडत नाही. बाळ आपले हात तोंडाकडे नेऊन भूक सांगतं, ते हात मोकळे असलेले बरे.

मापाचं म्हणाल तर पहिल्या महिन्याची झबली फार घेऊ नका. बाळ अडीच-तीन किलोचं असेल तर ० ते ३ महिन्यांचं झबलं आधी अंगात लोळतं आणि मग बघता बघता आखूड होतं. अगदी लहान मापाची चार, बाकी त्यापुढच्या मापाची, असं आम्हाला बरं पडलं.

३. कापड कसं ओळखायचं

सुती. यात तडजोड नको. मलमल आणि मऊ होजिअरी हे दोनच प्रकार लक्षात ठेवले तरी चालेल. मुंबईची हवा दमट. सिंथेटिक कापडात घाम अडकला की मानेच्या वळीत, काखेत, पाठीवर घामोळं येतं. दुकानदार ‘कॉटनच आहे’ म्हणाला तरी कापड मुठीत चुरगळून बघा. सुती कापडाला चुण्या पडतात आणि राहतात. पाण्याचा एक थेंब टाकून बघितला तर आणखी चांगलं, पण कोऱ्या कापडाला खळ असते, त्यामुळे थेंब लगेच जिरला नाही तर ते सुती नाहीच असं धरू नका.

लंगोट आणि बाळोती शक्यतो पांढरी किंवा अगदी फिक्या रंगाची घ्या. शू-शीचा रंग कळतो, आणि पहिल्या आठवड्यात डॉक्टर तेच विचारतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान सहा वेळा लंगोट ओला व्हायला हवा, दूध पुरेसं मिळत असल्याची ती एक खूण. पहिल्या एक-दोन दिवसांत विटकरी-गुलाबी डाग दिसला तर घाबरू नका, तो शूमधल्या क्षारांचा असतो. पण तो पुढेही दिसत राहिला तर डॉक्टरांना सांगा. गडद निळ्या लंगोटावर हे काही दिसणार नाही.

४. जुनं लुगडं कापा

आपल्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं घालत नाहीत, आणि बाळ व्हायच्या आधी काही आणू नये असंही पुष्कळ घरांत मानतात. आमच्याकडेही मानतात. त्यावरून वाद घालू नका, कारण पहिल्या बारा दिवसांना लागणारं बहुतेक सगळं कपाटात आधीच असतं. शेकडो वेळा धुतलेल्या सुती साडीतली खळ गेलेली असते, सुटायचा तेवढा रंग सुटलेला असतो, आणि सूत इतकं मऊ झालेलं असतं की नवी मलमलही त्याच्यापुढे खरखरीत लागते. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या वर भरतं, त्यात चौरस दुपटी सात आरामात निघतात. आईने आजीचं एक लुगडं त्यासाठी ठेवलंच होतं. काठ कापून टाका, जर असेल तर नक्कीच. कडा एकदाच दुमडून शिवा, दुहेरी दुमड जाड होते आणि तिथेच ओल धरते.

पहिले दोन-तीन दिवस बाळाची शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते. ती कापडातून निघता निघत नाही. तेवढ्या दिवसांसाठी टाकून देता येतील अशीच बाळोती वापरा.

५. विकत घ्यायचं ते कुठून

कापड घेऊन शिवून घ्यायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगळदास मार्केट. तिथे मलमल मीटरवर मिळते, हाताला लावून दहा प्रकार बघता येतात. रविवारी जाऊ नका, बंद असतं. तयार कपड्यांसाठी दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर आणि रानडे रोडवर दुकानं आहेत. गर्दी टाळायची तर सकाळी दुकानं उघडताना जा. गरोदर बाईला या खरेदीला नेऊ नका. यादी करून मावशीला, नणंदेला, मित्राला पाठवा.

आणि आधी नातेवाइकांत विचारा. सहा महिन्यांपूर्वी कुणाकडे बाळ झालं असेल तर त्यांच्याकडे झबल्यांची पिशवी भरून पडलेली असते. आम्हाला बारापैकी सात झबली अशीच मिळाली.

६. शिवण, बंद, बटणं

प्रत्येक कपडा उलटा करा आणि आतून बोट फिरवा. तुमच्या बोटाला जे टोचतं ते बाळाला टोचणारच. शिवण जाड वाटली तर पहिले काही दिवस झबलं उलटं, शिवण बाहेर ठेवून घाला, त्यात काही बिघडत नाही. मानेमागचं लेबल कात्रीने कापू नका, त्याचं खुंट राहतं आणि ते जास्त बोचतं. टीप उसवून पूर्ण काढा.

झबलं पुढून उघडणारं, बाजूला बांधायच्या बंदांचं. डोक्यातून घालायचं सुरुवातीला नकोच, मान धरलेली नसते. बंद आखूड हवेत, गळ्याशी तर नकोतच. वेल्क्रोला धाग्यांचा गुंता चिकटतो आणि मांडीला घासतो. सेफ्टी पिन लंगोटाला लावू नका. मणी, टिकल्या, चिकटवलेली फुलं असलेलं काही आलं तर आभार मानून बाजूला ठेवा.

आता मोज्यांबद्दल, हे जरा सविस्तर सांगतो. लेक पाच आठवड्यांची असताना एका रात्री दोनच्या सुमाराला रडायला लागली. दूध घेईना, लंगोट कोरडा, ढेकर काढून झाली, तरी रडणं थांबेना, आणि रडण्याचा सूर नेहमीचा नव्हता. सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, “आधी मोजे काढा, पायाची बोटं बघा.” डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला मोज्यातला सुटा धागा दोन वेढे घालून आवळला होता. बोटाचं टोक लालबुंद होऊन सुजलं होतं. मी मोबाइलचा उजेड धरला, सासूबाईंनी नखाने वेढा सैल करून धागा काढला. दहा मिनिटांत बोट पहिल्यासारखं झालं आणि ती झोपली. मी मात्र पहाटेपर्यंत घरातला प्रत्येक मोजा उलटा करून धागे कापत बसलो.

धाग्याने होतं तसं आईच्या गळालेल्या केसानेही होतं. म्हणून मोजे घालताना दर वेळी उलटे करून बघा, आणि कारण न कळता बाळ रडत असेल तर हातापायांची सगळी बोटं तपासा. वेढा कातडीत रुतला असेल आणि सहज सुटत नसेल तर घरी खटपट न करता लगेच डॉक्टरांकडे जा.

७. पहिल्यांदा वापरण्याआधी

नवं असो वा जुनं, बाळाच्या अंगाला लागण्याआधी धुवायचंच. नव्या कापडाची खळ निघायला दोन धुणी लागतात.

ट्रंकेतून काढलेल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर ते तसेच बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, जन्मजात कमतरता असते आणि ती बाहेरून कळत नाही. अशा बाळाच्या अंगाशी डांबरगोळी आली की तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ एकदम वाढते. आजीची गोधडी प्रेमाची असली तरी आधी धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत काही दिवस वाऱ्यावर टाका, पुन्हा धुवा. वास गेलाच नाही तर ती गोधडी मोठ्यांनी वापरावी. बाळाच्या कप्प्यात डांबरगोळी नको, कापूरही नको. सुकवलेला कडुनिंबाचा पाला पातळ कापडात बांधून ठेवा.

८. दवाखान्याची पिशवी

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत भरून दाराशी ठेवा. लंगोट १०, टाकाऊ बाळोती १०, झबली ४, दुपटी ४, टोपडी २, मोजे १ जोड, पंचा १, घरी येताना गुंडाळायला एक गोधडी. सगळं दोन-दोनचे संच करून वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला. पाऊस असेल तर टॅक्सीतून उतरेपर्यंतच पिशवी भिजते. ओल्या कपड्यांसाठी दोन रिकाम्या पिशव्या हव्यातच. दवाखाना स्वतःचे कपडे देतो का, हे नाव नोंदवतानाच विचारून ठेवा.

९. किती घालायचं

घरातली मोठी माणसं बाळाचे हातपाय चाचपतात, गार लागले की आणखी एक दुपटं गुंडाळतात. तान्ह्या बाळाचे तळहात-तळपाय गार असणं नेहमीचंच. हात छातीवर किंवा मानेच्या मागे लावा. तिथे कोमट लागलं तर ठीक. घाम असेल, अंग तापलेलं असेल तर एक कपडा काढा.

पंखा चालू असलेल्या घरात मुंबईच्या हवेत लंगोट, झबलं आणि वरून मलमलचं एक दुपटं पुरतं. एसी असेल तर आपण घातलंय त्यापेक्षा एक थर जास्त. टोपडं पहिल्या काही दिवसांत आणि बाहेर पडताना घाला, घरात उकाड्यात झोपवताना काढा, कारण बाळाची जास्तीची उष्णता डोक्यावाटेच बाहेर पडते. बाळ दिवसांआधीचं किंवा वजनाने अडीच किलोच्या आतलं असेल तर मात्र माझं ऐकू नका. त्याला ऊब जास्त लागते, डॉक्टर सांगतील तसं करा.

दुपट्यात बांधताना कमरेखाली सैल ठेवा. पाय सरळ करून करकचून बांधले तर खुब्याच्या सांध्याला अपाय होतो. आतल्या आत बेडकासारखे पाय मुडपता आले पाहिजेत. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन आठवडे, लंगोटाची वरची कड नाळेच्या खाली दुमडा.

झबलं घालताना बाळाचा हात बाहीत ढकलू नका. बाही चुण्या करून आपल्याच दोन बोटांवर चढवा, बोटं बाहेरच्या टोकाने आत घाला, बाळाचा हात धरा आणि बाही त्याच्यावरून सरकवा. पहिल्या आठवड्यात माझे हात थरथरायचे, नंतर डोळे मिटून जमायला लागलं. आणि घालण्याआधी कपडा झटका. दुधाच्या वासाने लाल मुंग्या कपड्यात शिरतात.

१०. रोजचं धुणं

शूचे लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढून झाकणाच्या बादलीत टाका. शीचा लंगोट आधी संडासात निपटा, मग गार पाण्यात खळबळा, आणि त्यानंतर साबण. गरम पाणी आधी घातलं की शीचा, दुधाचा आणि रक्ताचा डाग पक्का बसतो. पावसाळ्यात रात्रभर भिजत ठेवू नका, कुबट वास धरतो आणि तो सहजी जात नाही. आमच्याकडे पालिकेचं पाणी पहाटे येतं, म्हणून मी पाच वाजता धुवायला बसायचो.

साबण सौम्य आणि थोडा. त्यापेक्षा महत्त्वाचं खळबळणं. पाण्यावर फेस दिसेनासा होईपर्यंत, निदान तीन पाण्यांतून काढा. लंगोटावर उरलेला साबण आणि शू एकत्र आले की बाळाच्या जांघा लाल होतात. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी जड असेल तर साबण नीट निघत नाही, अशा वेळी शेवटच्या खळबळण्यापुरतं तरी नळाचं पाणी राखून ठेवा. जंतुनाशक द्रव रोज घालायची गरज नाही. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव तर लंगोटाला अजिबात नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. दोन-तीन दिवसांआड लंगोट वेगळ्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा.

मालिशच्या वेळी घालायची दोन झबली वेगळी ठेवा. तेल मुरलेलं कापड घाम टिपत नाही आणि त्याला लवकर खवट वास येतो. ती गरम पाण्यात, वेगळी धुवा.

अंगावरच्या दुधाच्या बाळाची शी पिवळी असते आणि डाग राहतोच. घासून घासून कापड फाडू नका. ओला डाग उन्हात ठेवा. तो पिवळा रंग पित्तातल्या बिलिरुबिनचा, आणि बिलिरुबिन उजेडाने विरतं. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याच कारणाने. श्रावणात दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं की मी हातातलं काम टाकून डागाळलेले लंगोट गॅलरीत नेत असे.

११. पावसात वाळवणं

- पिळून झाल्यावर मशीन असेल तर एक जादा स्पिन द्या. यानेच निम्मा वेळ वाचतो.
- एकावर एक टाकू नका. दोन लंगोटांत चार बोटं अंतर.
- कपड्यांचा स्टँड पंख्याखाली, एक खिडकी उघडी ठेवून, आणि शक्यतो बाळ झोपतं ती खोली सोडून. बंद खोलीत ओल कोंडली की भिंतीला बुरशी येते.
- शेवटी इस्त्री. वाळल्यासारख्या वाटणाऱ्या लंगोटातली उरलीसुरली ओल तीच काढते.

कपडा कोरडा झाला का हे तळहाताला कळत नाही. पावसाळ्यात सगळंच गार लागतं. शिवण आणि बंदाची गाठ वरच्या ओठाला लावून बघा. तिथे गारवा जाणवला तर अजून ओल आहे, तो कपाटात जाऊ द्यायचा नाही.

गॅसच्या शेगडीवर लंगोट धरून वाळवू नका, तिच्यावर दोरीही बांधू नका. एका पहाटे घाईत मी हे केलं, लंगोटाची कड जळली. थोडक्यात निभावलं. धुरीवर कपडे शेकणं पुष्कळ घरांत चालतं, पण तो धूर बाळाच्या छातीत जातो. सासूबाईंना डॉक्टरांनीच हे समजावून सांगितलं, तेव्हापासून त्या झबलं घालण्याआधी इस्त्रीने गरम करून द्यायला लागल्या.

रात्री आणि बाहेर जाताना डायपर वापरा, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. तीन-चार तासांनी बदला, शी झाली तर लगेच.

१२. बारशाची कुंची

जरीची कुंची, काठापदराचं अंगडं, सगळं हौसेने करा. फक्त आत मलमलचं झबलं असू द्या, जर अंगाला थेट लागू नये. हनुवटीखालचा बंद दोन बोटं जातील इतका सैल. नाव ठेवून झालं, फोटो झाले की कुंची काढा. पाळण्यात झोपवताना ती अंगावर नको, गळ्यात घातलेला काळा दोराही नको.

१३. आखूड झाल्यावर

तिसऱ्या महिन्यात निम्मी झबली बाद होतात. देण्याआधी धुवा, उन्हात दोन दिवस टाका, बंद तुटले असतील तर लावा, पिशवीवर माप लिहा. फाटके लंगोट पुसण्याला घ्या, कुणाला देऊ नका. आमची सात झबली आणि बावीस लंगोट सध्या डोंबिवलीला चुलतबहिणीकडे आहेत. तिचे दिवस ऑगस्टमध्ये भरतात, म्हणून मी सोबत कपड्यांचा स्टँडही पाठवलाय.